मामलेदारांचं गवत

जोतीराम सासने यांच्या दारात घोडा आला तेव्हा ते दाढी करत होते. एक गाल झाला होता, दुसरा व्हायचा होता. तो त्या दिवशी दुपारपर्यंत झाला नाही.

घोडा टेम्पोतून उतरवला नाही, तो उतरला. आधी त्यानं उतरायच्या फळीकडं पाहिलं, मग गल्लीकडं, मग सासन्यांच्या अर्ध्या दाढीकडं. या एकूण व्यवस्थेबद्दल आपलं मत राखून ठेवून तो सावकाश खाली आला. पांढराशुभ्र, उंचापुरा, आणि नाकावर लोकांचे अर्ज वाचून कंटाळल्याचा भाव. त्याचं नाव मामलेदार.

"मनात असलं तरच हलतो, म्हणून," विजयसिंह नलवड्यांनी खुलासा केला.

विजयसिंह नलवडे हे सासन्यांचे व्याही, गडहिंग्लजकडचे. सासन्यांची एकुलती एक वर्षाराणी त्यांच्या थोरल्या मुलाला दिलेली. आता धाकट्या राजवीरचं लग्न पुढच्या रविवारी कोल्हापुरात होतं आणि वरात मामलेदारावरनं निघणार होती. शहरातल्या हॉर्नची आणि बँडची सवय व्हावी म्हणून घोडा आठ दिवस आधीच आणून सासन्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवायचा, असं ठरलं होतं. ठरवलं विजयसिंहांनी, सासन्यांनी फोनवर 'हो हो' केलं होतं. मुलीच्या बापाला फोनवर दुसरं काही करता येत नाही. विजयसिंह स्वतः सात दिवस नृसिंहवाडीला पारायणाला बसणार होते.

"फोन बंद, बोलणं बंद," ते म्हणाले. "आठव्या दिवशी सकाळी थेट हितं."

"आणि यांचं खाणं?" सासन्यांनी विचारलं. मामलेदार म्हटलेल्या प्राण्याला अरे-तुरे करायला त्यांची जीभ रेटेना.

"चांगलं वाळलं गवत. बास. दोन दिवसांचं संगं आणलंय, फुडचं तुमी बघताय की. तुमाला काय सांगायचं पावणं, तुमी त्या खात्यातलंच!"

इथं एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सासने 'त्या खात्यात', म्हणजे जनावरांच्या खात्यात, बत्तीस वर्षं होते ही गोष्ट खरी; पण ते आवक-जावकच्या टेबलावर होते. चारा टंचाई, चारा छावणी, चारा वाहतूक असे विषय त्यांनी हजारो वेळा सुवाच्य अक्षरात लिहिले. प्रत्यक्ष चारा त्यांनी पाहिला तो रस्त्यात पुढं ट्रॉली असली तरच. वर्षाराणीच्या बोलणीत मात्र ते म्हणून गेले होते, "जिल्ह्यातलं एकेक जनावर माझ्या हाताखालून गेलंय." तेही खोटं नव्हतं. जनावरं कागदावर होती, एवढंच सांगायचं राहिलं होतं.

"ते माझ्यावर सोडा," सासने म्हणाले.

माणसाच्या आयुष्यातल्या पुष्कळ संकटांची सुरुवात या तीन शब्दांनी होते.

आता, आठ दिवस घोड्याला गवत घालणं यात अडचण ती काय, असं कुणी विचारेल. अडचण घोड्याची नव्हती, पांढऱ्या रश्श्याची होती. वर्षाराणीच्या लग्नात विजयसिंहांनी पंगतीत वाटी उचलून, प्रकाशाकडं धरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं होतं, "रस्सा नितळ हाय. वाटीचा तळ दिसतोय." कोल्हापुरात माणसाला वाटेल ते बोलावं; रश्श्याला पातळ म्हणू नये. तीन वर्षं झाली, सासरी कुठलंही कार्य निघालं की वर्षाराणीला ते वाक्य कुणीतरी ऐकवायचंच. त्यात भर म्हणून घोडाही सासन्यांच्या दारातनं उपाशी किंवा आजारी गेला, तर पोरीनं सासरी तोंड कुठं लपवायचं? वरात दुसऱ्या घोड्यावरनं निघाली तर नातवंडांपर्यंत ती गोष्ट सांगितली जाईल. सासन्यांनी त्या रात्री एक नवी वही काढली, तिच्यावर 'मामलेदार : दैनंदिन अहवाल' असं लिहिलं आणि रकाने आखले.

शनिवार-रविवार सोबतच्या गवतावर निभावले. सोमवारी सकाळी सासने चाऱ्याच्या बाजारात गेले.

खरेदीची एकच पद्धत त्यांना ठाऊक होती : तीन दरपत्रकं मागवायची आणि कमीत कमी दर मंजूर करायचा. पहिलं दुकान तोहिदचं. सासन्यांनी खिशातनं कोरा कागद काढून त्याच्यापुढं धरला.

"गवताचा दर, प्रत, उपलब्ध साठा. खाली सही आणि दिनांक."

तोहिदनं कागद उलटा करून पाहिला. "पावणं, गवत घेताय का पूल बांधताय?"

"पद्धत असते."

"आवो, गवताला हात लावा, वास घ्या, आवडलं तर न्या. सही कशाला पायजे? गवत काय पळून जातंय?"

ज्याला साधी सही करता येत नाही त्याच्या गवताचा काय भरवसा, असा विचार करून सासने पुढं गेले. दुसऱ्यानं नुसतं पाहून मान फिरवली. तिसरा मात्र समंजस निघाला. त्यानं झोकात सही केली, वर दुकानाचा शिक्काही उठवला. गवत गगनबावड्याकडचं होतं आणि दर इतका कमी होता, की सासन्यांना स्वतःच्या कार्यपद्धतीचा अभिमान वाटला. त्या बाजूला दिवाळीनंतरही चार दिवस पाऊस पडला होता, गवत कापून पसरलं होतं तेव्हाच भिजलं होतं, ही माहिती मागवायला कागदावर रकाना नव्हता.

घरी येऊन त्यांनी पहिली पेंढी सोडली. आतनं राखाडी धूळ उडाली आणि तळघर उघडल्यासारखा वास आला. सासने तीनदा शिंकले. मामलेदारानं पेंढीवर नाक नेलं, एक फुर्रर्र केलं आणि दोन पावलं मागं सरकून भिंतीकडं तोंड केलं. अपुऱ्या कागदपत्रांचा अर्ज परत करावा, तितकं ते थंडपणानं झालं.

"खाईना की," दारातनं सासन्यांच्या पत्नी म्हणाल्या. त्यांना घरात, गल्लीत आणि माहेरीसुद्धा आक्काच म्हणत.

"त्यांना वेळ लागेल. जागा नवी आहे त्यांना."

"घोड्याला अहो-जाहो चाललंय! माझ्या वाट्याला चाळीस वर्षांत 'अगं' च्या वर काय आलं न्हाय."

संध्याकाळपर्यंत घोड्यानं काडीला तोंड लावलं नाही. वहीत 'आहार' या रकान्यात सासन्यांनी 'निरंक' लिहिलं, आणि तेवढ्यात चिमणाबाई आली.

चिमणाबाई शेजारची. दारात चार म्हशी. तिच्या दुधाला जे फॅट लागतं ते संस्थेतल्या यंत्राला खरं वाटत नाही, दोनदा मोजावं लागतं, असं ती स्वतः सांगते. जगातल्या सगळ्या जिवांचे तिनं दोन गट केले होते, म्हशी आणि न सुधारलेल्या म्हशी.

"ह्ये काय घातलंय? ह्याच्यावर उंदीरबी निजायचा न्हाय," ती म्हणाली. "सरा बाजूला. माझ्या म्हशीला जे चालतंय ते ह्याला का चालायचं न्हाय? तोंडच हाय की फुडं!"

तिनं हिरव्यागार वाड्याचा, म्हणजे उसाच्या शेंड्यांचा, भारा आणून टाकला आणि वर भिजवलेल्या सरकी पेंडीची एक पाटी. मामलेदारानं भिंतीकडचं तोंड वळवलं, वास घेतला, आणि दिवसभराचा उपास असा सोडला की पाटीचा तळसुद्धा चाटून काढला. सासन्यांना आनंदानं भरून आलं. त्यांनी 'निरंक' खोडून 'समाधानकारक' लिहिलं, खोडलेल्या जागी छोटी सही केली आणि दोन दिवसांत पहिल्यांदा शांत झोपले.

मंगळवारी सकाळी चिमणाबाई आपल्या पेंडीचा परिणाम बघायला आली. कमरेवर हात ठेवून बराच वेळ घोड्यापुढं उभी राहिली. हळूहळू तिचा चेहरा उतरला.

"सायेब," ती हलक्या आवाजात म्हणाली, "ह्यानं रवंथ कवा केलं?"

"कुणी?"

"ह्यानं. घोड्यानं. रातीपासनं एकदा तरी रवंथ करताना बगितलासा?"

सासन्यांनी वही चाळली. रवंथ हा रकानाच त्यात नव्हता. 

म्हशीच्या गावात रवंथ ही काय चीज आहे हे बाहेरच्याला कळायचं नाही. जनावर निवांत बसून रवंथ करतंय म्हणजे घरात सगळं ठीक आहे. रवंथ थांबलं की घरातली माणसं जेवायची थांबतात. पंधरा मिनिटांत निम्मी गल्ली शेडपुढं जमली. जो येई तो घोड्याच्या जबड्याकडं टक लावून बघे आणि मान हलवून मागच्याला जागा देई.

"हालंना बघा तोंड."

"बसतबी न्हाय. उभाच हाय कालपासनं."

"आमची रेडी अशीच उभी ऱ्हायली हुती. दुसऱ्या दिवशी गेली."

सासन्यांनी खुर्ची टाकली, घड्याळ मांडीवर घेतलं आणि वहीत नवा रकाना आखला. ८.४० : रवंथ निरंक. ८.५० : निरंक. ९.०० : तोंड हलल्याचा भास, पण ती माशी होती, निरंक. या सगळ्या काळात मामलेदार समोरच्या गर्दीकडं ज्या नजरेनं बघत होता, ती बघून दोघांनी नकळत त्याला नमस्कार केला.

साडेनऊला चिमणाबाईनं शेवटचा उपाय सांगितला. धडधाकट म्हशीच्या तोंडातला रवंथाचा घास काढायचा आणि आजारी जनावराला भरवायचा. मग त्याला आठवण होते आणि ते सुरू करतं. तिच्या सासूनं असे अकरा जीव वाचवले होते. तिनं निवांत रवंथ करत बसलेल्या आपल्या चंद्रीच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातला, हिरवा, वाफाळता गोळा बाहेर काढला आणि केळीच्या पानावर घेऊन पळत आली. चंद्री जन्मभर विसरणार नाही अशा नजरेनं तिच्या मागं बघत राहिली.

"तोंड धरा सायेब!"

सासन्यांनी आयुष्यात कुठल्याही मामलेदाराचं तोंड धरलं नव्हतं. त्यांनी भीतभीत दोन बोटं पुढं केली. मामलेदारानं पानाचा वास घेतला, वरचा ओठ आकाशाकडं उचलून पिवळे दात दाखवले आणि सबंध छातीनिशी शिंकला. गोळा सासन्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, खिशाच्या बरोबर खाली बसला. कुणी हसलं नाही. प्रसंग गंभीर होता.

सदरा बदलून सासने जनावरांच्या दवाखान्यात गेले. इथं तरी आपलं राज्य, असं त्यांना वाटत होतं. खिडकीत नवा पोरगेला कारकून होता. त्यानं छापील अर्ज पुढं सरकवला. जनावराचा प्रकार : गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कोंबडी. यांपैकी एकावर खूण करा.

"घोडा कुठं आहे?" सासन्यांनी विचारलं.

"घोडा नसतोय काका यात."

"नसतोय म्हणजे? सरकारी अर्जात घोडा नाही? ही अक्षम्य चूक कुणी केली?"

पोरगा कामाचा होता. त्यानं कपाटातनं जुनी फाईल काढली, धूळ झटकली आणि एक पिवळा कागद पुढं धरला. त्यावर सुवाच्य अक्षरात टिपणी होती : 'अश्व हा रकाना सलग नऊ वर्षे निरंक येत असल्याने छपाईतून वगळल्यास शासनाच्या शाईची बचत होईल. आदेशार्थ सादर.' खाली सही : जो. रा. सासने.

सासन्यांनी ती टिपणी दोनदा वाचली. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

"इतर तरी लिहा," ते म्हणाले.

"इतरचा पण रकाना वगळलाय. खाली दुसरी टिपणी आहे, दाखवू?"

"नको."

शेवटी दोघांनी मिळून तोडगा काढला. 'म्हैस' वर खूण करायची आणि पुढं कंसात 'नर' लिहायचं. कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर लागत होता, तो फोन करून चंद्रीचा घेतला. अशा रीतीनं गडहिंग्लजच्या नलवड्यांचा उमदा पांढरा घोडा मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता शासनदरबारी रेडा झाला. 

डॉक्टर संयोगिता स्कूटरवरनं गल्लीत आल्या तेव्हा हातातल्या कागदाकडं बघत म्हणाल्या, "रेडा कुठाय?" गर्दी बाजूला झाली. त्यांनी घोडा पाहिला, कागद पाहिला, सासन्यांना पाहिलं.

"तक्रार काय आहे?"

"रवंथ करत न्हाई!" सगळी गल्ली एका आवाजात म्हणाली.

डॉक्टरबाई वळल्या आणि बॅगेत काहीतरी शोधू लागल्या. बराच वेळ शोधत राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. शेवटी डोळे पुसून त्या म्हणाल्या, "घोडा रवंथ करत नाही. कधीच करत नाही. त्याला म्हशीसारखी चार कप्प्यांची कोठी नसते, एकच लहान पोट असतं. तो उभ्या उभ्या झोपतोसुद्धा. काका, तुम्ही आमच्याच खात्यात होता ना? बत्तीस वर्षं?"

गल्लीचे पन्नास डोळे सासन्यांच्या नव्या सदऱ्यावर रोखले गेले. चंद्रीचा गोळा अंगावर बसला तेव्हा जेवढं लागलं नव्हतं तेवढं आता लागलं.

"आवक-जावकला," ते पुटपुटले.

"बरं, खायला काय घातलंय?"

"पाटीभर सरकी पेंड आणि भाराभर वाडं," चिमणाबाईनं अभिमानानं सांगितलं. "सगळं संपीवलं!"

डॉक्टरबाईंचं हसू तिथंच थांबलं. त्यांनी घोड्याच्या पोटाला नळी लावली, एका बाजूनं ऐकलं, दुसऱ्या बाजूनं ऐकलं.

"आतडी मंद चाललीत," त्या म्हणाल्या. "नेहमी नुसतं गवत खाणाऱ्या घोड्याला एकदम असलं जड घातलं तर पोटात कळा उठतात. आणि घोड्याला ओकता येत नाही. जे जाईल ते खालूनच बाहेर पडलं पाहिजे. अडकलं तर जिवावर बेततं. सकाळपासून लीद टाकली का?"

वहीत तोही रकाना नव्हता. आक्का म्हणाल्या, "न्हाई. मी शेड झाडलं की."

बाईंनी औषध पाजलं, एक इंजेक्शन दिलं. "याला हळूहळू फिरवत राहा. पाणी दाखवा. पोटाकडं वळून बघायला लागला, लोळायला लागला तर त्या क्षणी फोन करा. संध्याकाळपर्यंत लीद पडली म्हणजे सुटलो. खायला फक्त चांगलं वाळलं गवत. आणि ते बुरशीचं ताबडतोब हलवा."

"चांगलं गवत ओळखायचं कसं?" सासन्यांनी विचारलं. हा प्रश्न विचारायला त्यांना चार दिवस लागले होते.

"पुस्तकातलं सांगू शकते. बाजारात उभं राहून निवडायचं म्हणाल, तर मी पण म्हशींचीच डॉक्टर आहे काका," त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या आणि स्कूटरला किक मारून गेल्या.

आक्कांनी घोड्याचा दोर हातात घेतला. "अमीरबीला घेऊन जावा," त्या म्हणाल्या.

अमीरबी कोपऱ्यावरच्या घरात राहायची. तिचे मालक फक्रुद्दीन यांचा टांगा स्टेशन ते देऊळ असा चाळीस वर्षं पळाला. टांगा फक्रुद्दीन हाकायचे. घोडा मात्र अमीरबीच्या हातचंच खायचा. सासने रोज दोनदा तिच्या दारावरनं जात आणि रोज दोनदा नमस्कार घेत. आज पहिल्यांदाच त्यांनी स्वतः होऊन केला.

"या सायेब," अमीरबी चप्पल घालूनच बसली होती. "शनवारपासनं बघतोय मी. सोमवारी ती धूळ उडाली तवाच म्हटलं, सांगावं. पर म्हटलं, सायेब खात्यातले हाईत, आपुन कशाला मधी तोंड घालायचं?"

 रिक्षात सासने वहीचं कोरं पान उघडून बसले होते.

चाऱ्याच्या बाजारात ती थेट तोहिदच्या दुकानात शिरली. तोहिदनं सासन्यांना पाहिलं आणि हात जोडले. "सही करत न्हाई हां मी!"

"सही मरू दे," अमीरबी म्हणाली. "पेंढ्या सोड."

तिनं पहिल्या पेंढीच्या पोटात मनगटापर्यंत हात घातला, थांबली, काढला. "आत ऊन लागतंय. ओली बांधलीय. ऱ्हाऊ दे." दुसरीतली मूठभर काढून उन्हाकडं धरून झटकली, कवडशात धूळ नाचली. "ऱ्हाऊ दे." तिसरीतली काडी बोटाला गुंडाळली, ती कट्‌कन मोडली. "बी झडल्यावर कापलंय. लाकूड हाय नुसतं. ऱ्हाऊ दे." चौथीची काडी तिनं दाताखाली चावून थुंकली. सासने लिहून घेत होते : ऊब, धूळ, काडी, चव. त्यांच्या एकाही दरपत्रकात यातला एकही रकाना नव्हता.

अकराव्या पेंढीला तोहिदचा धीर सुटला. "खाला, घोडा खाणार हाय का घोड्याचं लगीन लावायचंय गवताशी?"

"ते मागं ताडपत्रीखाली काय झाकलंयस?"

"ते विकायचं न्हाई. माझ्या बैलांचं हाय."

"तुझ्या बैलांचं हाय म्हणजेच चांगलं हाय. काढ."

तोहिदनं सासन्यांकडं पाहिलं. त्याला वाटलं, हा कागदवाला माणूस तरी आपली बाजू घेईल. पण कागदवाल्यानं वही मिटली होती आणि दोन्ही हात जोडले होते. "तोहिद," तो म्हणाला, "माझ्या मुलीच्या सासरचा घोडा आहे रे."

 तोहिदलाही बहीण होती, ती इचलकरंजीला दिलेली. त्यानं ताडपत्री ओढली. गवत फिकट हिरवं होतं, बारीक काडीचं. दुकानभर असा वास पसरला, की सासन्यांनी आजूबाजूला पाहिलं, कुणी चहाची पूड उघडली की काय. अमीरबीनं मूठ नाकाशी धरली आणि डोळे मिटले. बऱ्याच वेळानं नुसती मान हलवली.

रिक्षा गल्लीत वळली तेव्हा चार वाजून गेले होते. सगळी गल्ली रस्त्याच्या कडेला उभी होती. मधोमध आक्का घोड्याला घेऊन फेऱ्या मारत होत्या. त्यांच्या मागं दहा पावलांवर चिमणाबाई चालत होती, नजर घोड्याच्या शेपटीवर. तिनं दुपारपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. सासन्यांना पाहून तिचा चेहरा रडवेला झाला.

"सायेब, माझ्या हातनं झालं वो. मी चांगल्यापायी घातलं."

"मीही चांगल्यापायीच दरपत्रक मागवलं होतं," सासने म्हणाले.

मामलेदार थांबला. पोटाकडं वळून बघणार की काय, म्हणून गल्लीनं श्वास रोखला. सासन्यांनी खिशातला फोन चाचपला. मामलेदारानं समोर पाहिलं, कान मागं केले आणि शेपटी किंचित उचलली.

"पडली!" चिमणाबाईनं दोन्ही हात वर केले. "पडली गं बाई पडली! अजून पडतीय!"

कुणीतरी शिट्टी मारली. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या. चिमणाबाई घरात पळाली आणि साखरेचा डबाच घेऊन आली. जो दिसेल त्याच्या तोंडात चिमूट टाकू लागली, रिक्षावाल्याच्यासुद्धा. सासने फूटपाथवर मटकन खाली बसले. मग त्यांना कर्तव्याची आठवण झाली. त्यांनी वही काढली आणि लिहिलं : 'दु. ४.१७. लीद. प्रमाण भरपूर. स्वरूप समाधानकारक.' शेवटचं अक्षर जरा फिसकटलं, कारण कागद मधेच ओला झाला होता. डॉक्टरबाईंना फोन लावला, तो आक्कांनी काढून घेतला आणि सांगितलं, "व्हय. ढीगभर."

त्यानंतरचे चार दिवस असे गेले की त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, आणि सासन्यांना नेमकं तेच हवं होतं. मामलेदार गवत खायचा, उभा राहून झोपायचा, बँडची तालीम जवळनं गेली तरी कान हलवायचा नाही.

रविवारी सकाळी विजयसिंह आले. गळ्यात उपरणं, कपाळाला अंगारा. त्यांनी घोड्याभोवती एक फेरी मारली, मानेवरनं हात फिरवला, पोटावर थाप मारली. अंगावर ऊन पडलं की डोळे दिपत होते. मग ते गवताकडं वळले. मूठभर उचललं, वास घेतला, पुन्हा घेतला. गल्ली आपापल्या दारात येऊन उभी राहिली.

"पावणं," ते म्हणाले, "ह्ये गवत कुणी निवडलं?"

चिमणाबाईनं तोंड उघडलं, आक्कांनी तिचा हात दाबला. एका शब्दाचं काम होतं. 'मी' म्हटलं असतं तर वर्षाराणीचा आयुष्यभराचा प्रश्न सुटला असता. सासन्यांनी तो शब्द ओठांपर्यंत आणलाही. तेवढ्यात कोपऱ्यावर दारात खुर्ची टाकून बसलेली अमीरबी त्यांना दिसली. ती त्यांच्याकडं बघतही नव्हती, तांदूळ निवडत होती.

"अमीरबींनी," सासने म्हणाले. "मला गवतातलं काही कळत नाही. बत्तीस वर्षांत कधी हात लावला नाही. मी आधी बुरशीचं आणलं, मग जड चारलं, सगळ्या गल्लीला बसवून त्यांच्या रवंथाची वाट बघितली, आणि सरकारदरबारी तुमचा घोडा रेडा म्हणून लावला. पोट धरलं होतं त्यांचं. वाचले ते या मंडळींमुळं. वर्षाराणीला काय बोलायचं नाही, जे काय ते मला बोला."

विजयसिंहांनी गवताकडं पाहिलं, सासन्यांकडं पाहिलं आणि हळूच पेंढीवर बसले.

"मला कुठं कळतंय पावणं?" ते खालच्या आवाजात म्हणाले. "आमचा म्हातारा गडी सगळं बघायचा. सा म्हयन्यामागं तो गेला लेकाकडं पुण्याला. तवापासनं मी गवत आणतोय आणि ह्याचं पोट धरतंय. दोनदा मरता मरता वाचला. कुणाला इचारू? तीन पिढ्या घोडं हाय आमच्या दारात. नलवड्याला गवत कळंना म्हटल्यावर लोक काय म्हणतील? तुमी खात्यातलं, म्हणून हितं आणून बांधला. म्हटलं, लग्नापातूर तरी नीट खाईल. संगं आणलेल्या दोन दिवसांच्या गवताचंबी भ्या वाटत हुतं मला."

"म्हणजे हॉर्नची सवय वगैरे..."

"कसली सवय! ट्रॅक्टरच्या भोंग्याफुडं हलत न्हाय त्यो."

 सासन्यांना हसू फुटलं. विजयसिंहांनी आपलं हसू दाबायचा प्रयत्न केला आणि त्यांना ठसका लागला. आक्कांनी पाणी आणलं.

वरातीला अजून चार तास होते. अमीरबीला बोलावणं गेलं. ती तांदळाचं सूप बाजूला ठेवून आली, एक पेंढी सोडून तिनं दोघांच्या मधे टाकली.

"बसा. नाक घाला."

दोन व्याही पेंढीच्या दोन बाजूंना उकिडवे बसले. दोघांचेही गुडघे कटकन वाजले. मामलेदार वरनं बघत होता.

"आधी तुमी," विजयसिंह म्हणाले.

"छे, छे," सासने म्हणाले. "पहिला मान वरपक्षाचा."

विजयसिंहांनी उपरणं मागं टाकलं आणि नाक आत घातलं. बराच वेळ बाहेर काढलं नाही. त्यांचं झाल्यावर सासन्यांनी घातलं.

"काय वास येतोय?" अमीरबीनं विचारलं.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"गवताचा," सासने चाचरत म्हणाले.

"हौ," अमीरबी म्हणाली. "पयल्यांदा तेवढाच येतो."